पावसात टिकेल का, ते आधी सांगा

बागेत ठेवायची वस्तू उघड्यावर राहते. तिच्यावर ऊन पडतं, पाऊस पडतो, कुंडीतून निथळलेलं पाणी तिच्या बुडाशी साचतं, शेजारचं मांजर तिच्यावर चढून बसतं. हे सगळ्यांना माहीत आहे. तरीही पुण्यातल्या ज्या सामूहिक मातीकाम स्टुडिओत मी जाते, तिथे रविवारी ‘बागेसाठी सिरॅमिक सजावट’ अशी कार्यशाळा भरते आणि तिच्यात आलेल्या माणसाच्या हातात एकदाच भाजलेलं बदक आणि अॅक्रिलिक रंगांच्या बाटल्या दिल्या जातात. दुपारपर्यंत बदक रंगवून होतं. लोक फोटो काढतात आणि बदक पिशवीत घालून खुशीत घरी जातात. जूनमध्ये पाऊस लागतो. गणपती येईपर्यंत त्या बदकाच्या पाठीवरचा रंग पापुद्रे धरून सुटायला लागलेला असतो.

माझी मुख्य तक्रार ही आहे. बाकीच्या लहान आहेत, पण त्याही मांडणार आहे, कारण त्या सगळ्यांचं मूळ एकच आहे. माती काय करते, आग काय करते, हे येणाऱ्याला कुणी सांगत नाही.

एकदा भाजलेल्या वस्तूला स्टुडिओत ‘बिस्क’ म्हणतात. ही भाजणी साधारण 950 ते 1000 अंश सेल्सिअसची असते. एवढ्या आचेत माती कडक होते, पुन्हा पाण्यात विरघळत नाही, पण तिच्यातली बारीक छिद्रं मिटत नाहीत. ती पाणी पिते. माठ याच गुणावर पाणी गार करतो. आता अशा वस्तूला वरून रंग लावला, तरी बूड कोरंच राहतं आणि ते बूड आपण ओल्या मातीवर टेकवतो. पाणी खालून वर चढतं, रंगाच्या मागे जाऊन बसतं आणि ऊन पडलं की बाहेर निघायला वाट शोधतं. अॅक्रिलिक हा शेवटी प्लॅस्टिकचा पातळ थर. त्याला फोड येतो, फोड फुटतो, कडा उचलली जाते. पाण्याबरोबर मातीतले क्षारही वर येतात आणि ओलीच्या भिंतीला लागतो तोच पांढरा लोणा बदकाच्या पोटाला लागतो. मी हे बोलून दाखवलं तेव्हा मला सांगण्यात आलं, “काकू, आम्ही वरून वॉर्निशचा हात देतो ना.” वॉर्निशनं वरून येणारं पाणी अडतं. खालून येणारं अडत नाही. तेवढ्यासाठी बुडालाही हात द्यावा लागेल, आणि तो कुणी देत नाही, कारण वॉर्निश लावताना वस्तू बुडावर उभी असते.

रंग जाण्याला माझा विरोध नाही. आपल्याकडे कुंड्यांना गेरू लावतात. पावसात तो वाहून जातो, फरशीवर लाल ओघळ उठतात, दिवाळीच्या आधी पुन्हा लावायचा. यात कुणाची फसवणूक होत नाही, कारण गेरू जाणार हे लावणाऱ्याला ठाऊक असतं. दिवाळीतल्या किल्ल्यावरचे मावळे हातात धरले की बोटांना रंग लागायचा. ते सण संपला की कागदात गुंडाळून खोक्यात जायचे आणि म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा तटावर उभे राहायचे. कुणी त्यांना श्रावणात अंगणात ठेवलं नाही. स्टुडिओतलं बदक मात्र बागेसाठी म्हणूनच विकलं जातं. तिकिटावर ‘बाग’ लिहिलंय म्हणजे पाऊस त्यात आला.

याला उपाय आहेत आणि ते अवघड नाहीत. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे रंगवूच नका. युरोपात सच्छिद्र माती थंडीत बाहेर राहिली तर तिच्यातलं पाणी गोठून फुगतं आणि वस्तू तडकते. पुण्यात पाणी गोठत नाही. नुसती भाजलेली लाल माती आपल्या अंगणात वर्षानुवर्षं उभी राहते. तिच्यावर शेवाळ धरतं, ते चांगलंच दिसतं. दुसरा उपाय, आगीतून जाणारे रंग वापरा. बिस्कवर किंवा कच्च्या वस्तूवर अंडरग्लेझ लावायचं, वर पारदर्शक ग्लेझ चढवायचं आणि पुन्हा भाजायचं. मग रंग वस्तूवर काचेच्या थराखाली बसतो, त्याला पाऊस हात लावू शकत नाही. तिसरा उपाय स्टोनवेअरचा. ती माती 1200 अंशांच्या पुढे नेली की स्वतःच जवळजवळ दगडासारखी घट्ट होते आणि पाणी प्यायचं थांबवते. आमच्या स्टुडिओत सभासदांची भट्टी 1220 ला जाते. म्हणजे सोय त्याच छताखाली आहे. रविवारच्या लोकांना ती दाखवत नाहीत, एवढंच. कारण विचारलं तर उत्तर मिळतं की लोकांना त्याच दिवशी वस्तू घरी न्यायची असते. लोकांना कुणी विचारलंय का? “आज नेलंत तर घरात ठेवा, तीन आठवडे थांबलात तर बागेत ठेवा,” असं एक वाक्य नोंदणीच्या वेळी सांगितलं, तर निम्मे लोक तरी थांबतील असं मला वाटतं. थांबायला लावणं हे मातीकामात गिऱ्हाइकाची गैरसोय करणं नाही. थांबणं हे या कामाचं अर्धं अंग आहे.

पाऊस आणि माती यांचा प्रश्न ज्यांनी खरोखर मनावर घेतला, त्यांची आठवण इथे काढायला हवी. पुदुच्चेरीला रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी 1971 मध्ये गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. आज भारतात स्टुडिओ पॉटरी करणाऱ्या कितीतरी जणांचं शिक्षण थेट तिथे किंवा तिथे शिकलेल्या माणसांकडे झालेलं आहे. याच रे मीकर यांनी 1980 च्या दशकात कच्च्या विटांचं आख्खं घर बांधून ते आतून पेटवून भाजण्याचे प्रयोग केले. घर हीच भट्टी. आत विटा-भांडी भरायची, आग लावायची आणि भिंती जागच्या जागी पक्क्या करायच्या. मातीच्या घराला पावसाची भीती असते, ती आगीनं घालवायची, हा त्यातला विचार. एका माणसानं त्यासाठी घर भाजलं. आम्ही बदक दुसऱ्यांदा भट्टीत घालायला तयार नाही.

आता साच्यांबद्दल. रविवारच्या फळीवर काय असतं? लाल टोपीचा दाढीवाला बुटका, लाल छत्रीवर पांढरे ठिपके असलेलं अळंबं, बदक, ससा, आणखी एक बुटका. हे बुटके मूळचे जर्मनीतले. थुरिंजियातल्या ग्रेफेनरोडा गावात एकोणिसाव्या शतकात ते भाजलेल्या मातीचे बनत होते. इंग्लंडमध्ये सर चार्ल्स आयशॅम यांनी 1840 च्या दशकात असे बुटके जर्मनीहून आणून लॅम्पोर्ट हॉलच्या बागेतल्या दगडांत मांडले आणि तिथून तो शौक पसरला. त्यांच्या बागेत ते शोभले असतील. माझ्या अंगणात कढीपत्ता आहे, गवती चहा आहे, भिंतीवर सरडा असतो, सकाळी भारद्वाज येतो. मला तिथे सरडा हवा, पिंगळा हवा, मुंगूस हवं. साचा वापरण्यात काही कमीपणा नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सातवाहनांच्या काळातल्या ज्या मातीच्या मूर्ती सापडल्या, त्यांतल्या अनेक दोन साच्यांत दाबून, आतून पोकळ अशाच केलेल्या आहेत. तिथल्या लामतुरे संग्रहालयात त्या बघायला मिळतात. त्यांची केशरचना बघा, कानातली बघा. त्या कारागिरानं साचा केला तो समोर दिसणाऱ्या माणसांचा. आमच्याकडे साचे ऑनलाइन मागवले जातात आणि मग कोथरूडच्या बाल्कनीत जर्मन बुटका उभा राहतो. प्लास्टरचा साचा करायला फार खर्च येत नाही. मी सरड्याचा नमुना करून द्यायला तयार आहे, हे मी सांगितलेलं आहे.

मी स्वतः साच्यातून काही घेत नाही. मी भारद्वाज केला, आणि त्याची हकीकत सांगायची ती याकरता की स्टुडिओतल्या सगळ्या उणिवा त्या एका पक्ष्यावर दिसून आल्या.

भारद्वाजाची शेपूट लांब असते, जवळजवळ अंगाएवढी. मातीत लांब पातळ भाग केला की तो आधी वाळतो, अंग मागाहून वाळतं आणि दोघांच्या सांध्यावर चीर पडते. वाळताना आणि भाजताना मिळून स्टोनवेअरची माती सुमारे दहा-बारा टक्के आकसते, त्यामुळे हा ताण लहान नसतो. म्हणून मी पक्षी एका खोडावर बसवला, शेपूट खोडाला टेकवून खाली आणली, सांध्यावर ओरखडे काढून पातळ चिखल भरला आणि शेपटीवर प्लॅस्टिक गुंडाळून अंग उघडं ठेवलं, म्हणजे दोन्ही बरोबर वाळावीत. चिठ्ठी लावली : उचलू नये. पुढच्या खेपेला बघते तर प्लॅस्टिक सुटं पडलेलं, पक्षी दुसऱ्या फळीवर आणि शेपटीच्या टोकाला नखाएवढा टवका. कुणीतरी स्वतःचा मग ठेवायला जागा केली होती आणि पक्षी शेपटीला धरून उचलला होता.

पूर्ण वाळलेली, न भाजलेली माती ही या सगळ्या प्रवासातली सर्वांत नाजूक अवस्था. ओली असताना ती वाकते, भाजल्यावर ती सोसते, पण सुकी कच्ची माती बोटाच्या दाबानं तुटते. कच्च्या मडक्याचं हे दुबळेपण महाराष्ट्राला वेगळं शिकवायची गरज नाही. तेरच्याच गोरोबाकाकांची आणि संतांच्या डोक्यावर थापटणं मारून पाहण्याची गोष्ट आपण सगळे ऐकत आलो. तरी स्टुडिओत दुसऱ्याच्या कच्च्या वस्तूला हात लावू नये हा नियम लिहिलेला नाही. अॅप्रन कुठे टांगावा याची पाटी आहे, पादत्राणांची आहे, इन्स्टाग्रामवर टॅग करण्याची विनंती तर दोन ठिकाणी आहे.

मग रंग. भारद्वाजाचं अंग काळं, त्यावर निळसर झाक, पंख विटकरी तांबूस आणि डोळा लालभडक. तांबूस सोपा, तो लोहाच्या ऑक्साइडचा. काळा लोह, कोबाल्ट आणि मँगनीज मिळून होतो, आणि कोबाल्ट थोडा चढता ठेवला तर निळी झाकही येते. अडचण ही की बाटलीत दिसतो तो रंग भट्टीतून येत नाही. कोबाल्ट कार्बोनेट घातलेलं ग्लेझ डब्यात फिकट जांभळं दिसतं, भाजल्यावर गर्द निळं होतं. पारदर्शक ग्लेझ लावताना पांढरं असतं. म्हणून जगभरच्या स्टुडिओंत प्रत्येक रंगाची भाजलेली नमुना-टाइल भिंतीवर असते, खाली रंगाचा क्रमांक आणि तापमान. आमच्या भिंतीवर प्रेरणादायी वाक्यं आहेत. बाटल्यांवरची लेबलं ओल्या हातांनी पुसली गेलीत. ‘हा बहुतेक ब्राऊन असावा’ या भरवशावर माणसं आपल्या महिन्याभराच्या कामावर ब्रश फिरवतात.

याचा सर्वांत जास्त त्रास एका निवृत्त शिक्षिकाबाईंना झाला. त्यांनी पांढरा बगळा केला होता, टिनच्या पांढऱ्या ग्लेझचा, फार देखणा. भट्टीत त्याच्या शेजारी कुणाचा तरी हिरवा बेडूक ठेवला गेला. हिरवा क्रोमचा होता. मोठ्या आचेत क्रोमची थोडी वाफ होते, ती शेजारच्या टिनवर बसते आणि पांढऱ्याचा गुलाबी होतो. ही मातीकामातली जुनी, माहितीतली गोष्ट आहे. बगळा एका बाजूनं गुलाबी होऊन बाहेर आला. बाईंना सांगितलं गेलं, “भट्टीचं काही सांगता येत नाही हो, तीच तर गंमत आहे.” भट्टीचं पुष्कळ सांगता येतं. क्रोम आणि टिन लांब ठेवा, हे सांगता येतं.

तसंच ते ‘हवा राहिली म्हणून फुटलं’. कुणाची जाडजूड वस्तू पहिल्या भाजणीत फुटली की हेच कारण देतात आणि मग नवे लोक मातीतला बुडबुडा शोधत तासन्‌तास टाचण्या टोचत बसतात. वस्तू फुटते ती पाण्यामुळे. जाड भाग बाहेरून वाळलेला दिसतो, आत ओल असते. शंभर अंशांच्या पुढे त्या पाण्याची वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशे पटींहून जास्त जागा लागते. ती जागा माती देऊ शकत नाही. पूर्ण वाळलेल्या पातळ गोळ्यात हवा कोंडली असली तरी तो भाजून नीट बाहेर येतो. तेव्हा भिंती एकसारख्या पातळ ठेवा, पोकळ वस्तूला खालून एक भोक ठेवा म्हणजे ती आतूनही वाळेल, आणि वाळायला वेळ द्या. चुकीचं कारण सांगितलं की माणूस चुकीची काळजी घेतो आणि त्याची पुढची वस्तूही फुटते.

लहान तक्रारी भराभर सांगते. सगळ्यांत मिळून एकच स्पंज, त्यात लाल माती आणि पांढरी माती एकत्र. त्यानं पांढरी वस्तू पुसली की तिच्यावर तांबडे डाग, ते भाजल्यावर तपकिरी होऊन कायमचे. ब्रशचे केस गळतात. वाढदिवसाची पार्टी आणि सभासदांचा वर्ग एकाच वेळी ठेवतात. मुलं आनंदात असतात, ती असावीत, पण त्यांच्या पालकांनी चाकाशेजारी केक कापू नये. केक उरतो तो वाळवणीच्या फळीवर ठेवतात आणि मुंग्या येतात. सुकी माती कुंच्यानं झाडतात. ती झाडायची नसते, ओल्या फडक्यानं पुसायची असते, कारण त्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात जाऊन बसते. ही तक्रार खरं तर लहान नाही.

आणि भट्टी लवकर उघडणं. भट्टी 1220 वरून थंड व्हायला दिवसभर किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. मातीतलं क्वार्ट्झ 573 अंशांना आपली अंतर्गत रचना बदलतं आणि त्याबरोबर आकारमानही. उतरताना हा टप्पा सावकाश ओलांडावा लागतो, नाहीतर वस्तू आतून तडकते. त्याच्या खालीही, हाताला भाजेल इतकी वस्तू गार हवेत आणली की ग्लेझ आणि माती वेगवेगळ्या वेगानं आकसतात. टिंग, टिंग असा आवाज येतो. तो ग्लेझला जाळी पडल्याचा असतो. अशी जाळी पडली की पाण्याला पुन्हा वाट मिळाली. तरी दर वेळी कुणाला तरी विमान पकडायचं असतं, कुणाला त्याच संध्याकाळी भेट द्यायची असते, आणि झाकण चार बोटं वर करून आत मोबाइलचा टॉर्च मारला जातो.

भट्टी लावायला येणारे मामा मुंढव्याकडचे. घरात चाक होतं, आजोबा आवा लावायचे. ते कधी बोलायला जात नाहीत, पण झाकण उचललेलं दिसलं की त्यांचा चेहरा पडतो. वस्तू बाहेर काढताना ते प्रत्येक वस्तू तळहातावर घेतात आणि दुसऱ्या हाताच्या बोटाची गाठ तिच्यावर हलकेच मारतात. खणखणीत वाजली तर उजवीकडे, बद्द वाजली तर डावीकडे. डावीकडच्या वस्तूला डोळ्यांना दिसेल अशी चीर नसते. बाजारात माठ घेताना आपण हेच करतो. माझा भारद्वाज त्यांनी वाजवला, पुन्हा वाजवला, शेपटीजवळ कान नेला आणि म्हणाले, “ताई, अंग चांगलं आहे. शेपटीत बारीक आहे. बागेत ठेवा, पण तिथनं धरून उचलू नका.” स्टुडिओत एवढी नेमकी माहिती मला दुसऱ्या कुणी दिलेली नाही. या माणसाची ओळख रविवारच्या लोकांना करून दिली जात नाही. ते मागच्या दारानं येतात, भट्टी लावतात आणि जातात. फलकावर तीन प्रशिक्षकांची छायाचित्रं आहेत, त्यांत ते नाहीत. ही माझी, पावसाच्या तक्रारीनंतरची, सर्वांत मोठी तक्रार आहे. वर्गाच्या सुरुवातीला पंधरा मिनिटं त्यांना बोलू द्यावं आणि त्याचे त्यांना वेगळे पैसे द्यावेत.

हे सगळं मी लेखी दिलं आहे. चालवणाऱ्या मुली मनानं चांगल्या आहेत, त्यांनी कागद नीट वाचला. भट्टी 100 अंशांच्या आत आल्याशिवाय उघडायची नाही, हे मान्य झालं आणि तशी चिठ्ठी झाकणावर लागली. कच्च्या वस्तूंची फळी वेगळी करू म्हणाल्या. मामांच्या बोलण्याबद्दल “बघू काकू” म्हणाल्या, आणि त्याचा पाठपुरावा मी करणार आहे. नमुना-टाइलींचं काम मी स्वतःकडे घेतलं. त्याच मातीच्या पट्ट्या कापल्या, प्रत्येकीला भोक पाडलं, मागे क्रमांक कोरला आणि मामांनी त्या भट्टीच्या मोकळ्या कोपऱ्यांत भाजून दिल्या. आता भिंतीवर काळा, तांबूस, दोन निळे, क्रोमचा हिरवा आणि त्याखाली ‘टिनपासून लांब’ अशी सूचना आहे. लालची टाइल अजून व्हायची आहे. साध्या लोहाचा लाल या आचेत तपकिरी होतो. टिकणारा लाल कॅडमियमचा, झिरकॉनच्या कवचात बंद केलेला, आणि तो महाग असतो म्हणून मागवलेला नाही. माझ्या भारद्वाजाला तूर्त तपकिरी डोळा आहे. लाल रंगाच्या छोट्या बाटलीची मागणी मी नोंदवहीत लिहिली आहे आणि निम्मे पैसे भरायची तयारीही तिथेच लिहिली आहे.